पास झालेला चाकू

वस्तू निवडण्याच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. हे मी गर्वाने नाही, अनुभवाने सांगतो. प्रवासी बॅगा बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. चेन पाच हजार वेळा उघडायची आणि लावायची, चाक तुटेपर्यंत फिरवायचं, हँडल निखळेपर्यंत ओढायचं आणि मग वहीत लिहायचं, ‘पास’. एकोणीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे एका शुक्रवारी सकाळी बायकोने चाकू आणायला सांगितलं तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, “हे काम माझ्यावर सोड.” तिने सोडलं. तिचा दोष नाही, ती घाईत होती.

चाकू हवा होता आपत्कालीन बॅगेसाठी. गेल्या वर्षी आमच्या इमारतीत मीटरच्या खोलीतून धूर आला आणि चारही मजले खाली पळाले. तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य इस्त्री घेऊन उतरले. मी उशी घेऊन उतरलो. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्या तेवढ्या औषधांचा डबा घेऊन उतरल्या. तेव्हापासून प्रत्येक घरी एक भरलेली बॅग असावी असं ठरलं, आणि ते ठरवून घेतलं माझ्या बायकोने. ती शाळेत भूगोल शिकवते. वर्षभर तिने जिने मोजले, दारोदार याद्या वाटल्या, लोकांची टिंगल ऐकून घेतली. आता इमारतीचा सुरक्षा प्रमुख निवडायचा होता आणि उमेदवार दोन होते, ती आणि दंतवैद्य. दंतवैद्यांनी काहीच केलं नव्हतं, पण त्यांचा आवाज मोठा होता.

येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळी अग्निशमन दलाचे अधिकारी येणार होते. दोघांच्या बॅगा सगळ्यांसमोर उघडायच्या आणि मग हात वर करून मतदान. बायकोला हे पद मनापासून हवं होतं. तिने बॅग भरून खुंटीला लावली, वर चिठ्ठी चिकटवली, ‘तयार. फक्त चाकू बाकी’, आणि ती परीक्षेचे पेपर तपासायला बसली.

“स्वस्तातला चालेल,” ती म्हणाली होती, “पण मिटणारा नको, गडबडीत बोट सापडतं. पातं मुठीत पक्कं बसवलेलं हवं, म्यानासकट. दुकानात जायचं, घ्यायचा, बॅगेत टाकायचा.”

“तपासायला नको?”

“अहो, नवरासुद्धा न तपासताच घेतला की मी.”

मला वाटतं, तिथेच मी इरेला पेटलो.

नाक्यावरचा दुकानदार ओळखीचा, भला माणूस होता. त्याने स्वस्तातले तीन चाकू काचेवर मांडले. मी विचारलं, “पातं मुठीच्या शेवटपर्यंत गेलंय का?”

“गेलंय की.”

“दिसत कुठे आहे?”

“मूठ फोडल्याशिवाय कसं दिसणार, साहेब?”

बरोबर होतं त्याचं. मी तिन्ही चाकू घेतले आणि घरी येऊन एकाची मूठ फोडली. पातं अर्ध्यावरच संपलं होतं. म्हणजे माझा संशय खरा ठरला होता! मला इतका आनंद झाला की काय सांगू. आता राहिले दोन.

आमच्या विभागात एक नियम आहे, वस्तू जिथे वापरायची तिथल्याच सामानावर तपासायची. चाकू वापरायचा होता बॅगेतल्या सामानाबरोबर. म्हणून मी बॅगेतला दोर काढला आणि टोकाकडून वीतभर कापला. मग दुसऱ्या चाकूने वीतभर. पण एकेका कापण्यावरून निर्णय घेणं हा चाकूवर अन्याय झाला असता, म्हणून प्रत्येकी तीस वेळा. शनिवारी दुपारपर्यंत पंधरा मीटर दोराचे इतके तुकडे झाले की त्यातल्या कशानेही साधी पिशवीसुद्धा बांधता आली नसती. मी ते नीट गोळा करून परत बॅगेत ठेवले. नवीन दोर तर काय, कधीही आणता आला असता.

सोमवारी घोंगडी झाली, मंगळवारी बँडेज. बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि मटारचे दोन डबे चाकूने उघडले. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“जावईबापू, हे मटार बॅगेतले ना?”

“तपासणी चालू आहे.”

“मग खाऊनच टाकू, वाया कशाला घालवायचे,” असं म्हणून त्या चमचा घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या गुन्ह्यात सामील झाल्या. बॅग हलकी लागू नये म्हणून मी कारखान्यातली टाकाऊ चाकं आणून तिच्यात भरली. टॉर्चचं काय झालं ते विचारू नका. मुठीने ठोकता येतं का, हे बघायचं होतं. येतं.

खरी पंचाईत पुढेच होती. गुरुवारी एक चाकू निर्विवाद पास झाला. मी तो पुसला, म्यानात घातला आणि बॅगेत टाकणार तेवढ्यात माझा हात थांबला. आमच्या विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘तपासलेला नमुना वापरात जाणार नाही’. बरोबरच आहे. इतकं कापून, ठोकून, डबे फोडून त्याची धार गेलेली. म्हणून मी तसाच नवा आणला. पण तो तपासलेला नव्हता, आणि न तपासलेल्यावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून तपासला. पास झाला. म्हणजे बाद झाला. म्हणून आणखी एक आणला.

शुक्रवारी संध्याकाळी मी सातवा चाकू मागितला तेव्हा दुकानदाराने गल्ल्यावरून उठून माझ्याकडे नीट पाहिलं.

“साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?”

“रविवारपर्यंत सगळं आटोपायचंय,” मी म्हणालो. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. “जरा जोर लावला तर मूठ सुटणार नाही ना हातातून?”

“ताई कशा आहेत?”

“तिला काहीच कल्पना नाहीये. तिला कळता कामा नये.”

त्याने चाकू दिला, पण नाइलाजाने. मी त्यावर फार विचार केला नाही. रात्री तोही पास झाला, म्हणजे बाद. मला दोर, घोंगडी, बँडेज, टॉर्च आणि मटार शनिवारी एकदम आणायचे होते. पण शनिवारी कारखान्यात जादा पाळी लागली आणि सुटलो तेव्हा सगळी दुकानं बंद झाली होती. बायको पेपर आटोपून शांतपणे केस विंचरत होती. “चाकू ठेवलात ना हो?” तिने विचारलं. मी मान हलवली. कसाही अर्थ लावता येईल अशी हलवली.

रविवारी अंगणात सगळी इमारत जमली. आधी दंतवैद्यांची बॅग उघडली. ती बाजारातून तयार आणलेली होती आणि तिच्यातल्या वस्तूंवरची वेष्टनंही तशीच होती. मग अधिकाऱ्यांनी आमची घेतली. बायकोचा चेहरा इतका आनंदी होता की मी नजर चुकवून फाटकाकडे पाहू लागलो. तेव्हाच सांगायला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी एक चाक बाहेर काढलं. मग दुसरं. मग चौथं. मग मूठभर दोर, मग घोंगडीच्या चिंध्या, मग दोन रिकामे डबे, स्वच्छ धुतलेले. ते सासूबाईंनी धुतले होते.

“चाकू?” त्यांनी विचारलं.

बॅगेत चाकू नव्हता.

बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने दंतवैद्यांकडे पाहिलं, आणि तिच्यामागोमाग सगळ्या इमारतीने. दंतवैद्यांचा मोठा आवाज पहिल्यांदाच बसला. “मी कशाला असलं करीन?” ते म्हणाले, आणि घाम पुसू लागले. दोनचार जण ‘शरम वाटायला हवी’ असंही पुटपुटले. आणि मी गप्प उभा राहिलो. त्या अर्ध्या मिनिटाची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात फाटकातून दुकानदार धावत आला. धापा टाकत त्याने गर्दीत बायकोला शोधलं आणि हात जोडले.

“ताई, तुम्ही आहात! देवाची कृपा. यांनी आठवड्यात सात चाकू नेले हो माझ्याकडून. रविवारपर्यंत आटोपायचंय म्हणाले, म्हणून मला राहवेना.”

दंतवैद्यांनी घाम पुसायचं थांबवलं. मग मी सगळं सांगितलं, नियमासकट. अधिकारी लक्ष देऊन ऐकत होते. “मग शेवटी कुठला चाकू चांगला?” त्यांनी विचारलं.

“पाच पास झाले,” मी म्हणालो. “म्हणून एकही ठेवता आला नाही.”

बायको खाली बसली आणि दोराचे तुकडे एकेक करून बॅगेत भरू लागली. तिच्या वर्षभराच्या कामाची मी चिंधी केली होती. मला रडू येईल असं वाटलं. मीही खाली वाकलो, तर ती हळूच म्हणाली, “हात लावू नका.”

तेव्हा दंतवैद्य पुढे आले. “मी उमेदवारी मागे घेतो,” ते म्हणाले. “आग, पूर, भूकंप, सगळं सांभाळीन. पण हा माणूस ज्या इमारतीत आहे तिची जबाबदारी मला झेपणार नाही. ती बाईंनाच जमेल, त्यांना सवय आहे.”

सगळे हात वर गेले. माझाही गेला, पण तो मोजला नाही.

सोमवारी सकाळी शाळेला जाण्याआधी सुरक्षा प्रमुखांनी आमच्या दारामागे नवी यादी लावली. बॅग आता सासूबाईंच्या कपाटात असते, कुलपात. यादीत टॉर्च आहे, दोर आहे, औषधं आहेत. सर्वांत शेवटी लिहिलंय, ‘जावई. हात धरून खाली आणणे. जबाबदारी: आई’. चाकूसुद्धा आहे. सासूबाई बाजारात गेल्या आणि भाजी घेऊन येता येता तो घेऊन आल्या. कुठला घेतला, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.