भाऊसाहेब आणि हिरवं पाणी

भाऊसाहेब निरगुड्यांना कुणाच्या घरी पाणी दिलं, की ते आधी प्यायचे नाहीत. काचेचा पेला असला तर उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघायचे. फुलपात्र असलं तर आतल्या कडेवरून तर्जनी फिरवायचे, ती हुंगायचे आणि मग निकाल द्यायचे, "नाही. हिरवं नाही. पिऊन घेतो." तोवर यजमानीणबाईंचा चेहरा असा झालेला असायचा, की आता चहा काही यायचा नाही, हे मला कळून चुकायचं. बहुतेक वेळा त्यांच्या सोबत मीच असायचो.

मी तेव्हा ग्वाल्हेर दरबारच्या मुहाफिजखान्यात नकलनवीस म्हणून नुकताच लागलो होतो. मुहाफिजखाना म्हणजे जुने सरकारी कागद जिथं आराम करतात ती जागा, आणि नकलनवीस म्हणजे त्या कागदांच्या नकला उतरवणारे आमच्यासारखे लोक. भाऊसाहेब आमच्यात सगळ्यांत वडील. त्यांचं अक्षर असं, की मूळ कागद आणि त्यांची नक्कल शेजारी ठेवली तर मूळ कागदच खोटा वाटावा. घरंही आमची शिंदे की छावनीत समोरासमोर. त्यामुळे त्यांच्या हिरव्यापासून माझी सुटका ना कचेरीत होती, ना घरी.

हिरवं म्हणजे शेवाळ. त्यांच्या बैठकीत खिडकीपाशी काचेची एक टाकी होती. दोन हात लांब, कडांना लोखंडी पट्ट्या. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, मधूनं, बदलून जाणाऱ्या कुणा इंग्रजाच्या नीलामात ती घेतली होती. तळाशी वाळू, वाळूत रिबिनीसारख्या पानांचं पाणगवत आणि त्यात हिंडणारे मेळ्यातून आणलेले चार लाल मासे. भाऊसाहेब तेव्हा कडाडले होते म्हणे, "ब्राह्मणाच्या घरात मासे? उद्या जाळं विणायला बसशील!" पुढे मधू फौजेत बिनतारी संदेशाच्या खात्यात भरती झाला आणि बर्मात गेला. जाताना वडिलांना एवढंच म्हणाला, "भाऊ, बाकी काही करू नका. फक्त पाणी हिरवं होऊ देऊ नका."

झालं. त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी शेवाळाशी जी लढाई मांडली, तिच्यापुढे बर्मातली किरकोळ म्हणायची.

"सवाल उजेडाचा आहे," ते म्हणायचे. त्यांचं प्रत्येक वाक्य 'सवाल'पासून सुरू व्हायचं. ऊन लागलं की हिरवं वाढतं, म्हणून ऐन मे महिन्यात ते पाटणकर बाजारातून वाळ्याचा पडदा घेऊन आले आणि खिडकी आणि टाकी यांच्या मधे टांगला. घरात पडदा तेवढा एकच. मासे वाळ्याच्या गारव्यात, आणि भाऊसाहेबांच्या पत्नी, आमच्या माई, चुलीपाशी पदरानं वारा घेताहेत. मी म्हटलं, "भाऊसाहेब, एक पडदा माईंनाही आणा ना." तर म्हणाले, "अरे, तिच्यावर कुठे शेवाळ येऊन राहिलंय!"

मग गोगलगायी आल्या. त्या शेवाळ खातात असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. तलावावरून धरलेल्या गोगलगायी जेवणाच्या डब्यात घालून ते तसेच कचेरीत आले. दुपारी एक बाहेर पडली आणि एका जहागिरीच्या मिसलीवरून, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्यावरून, चकचकीत रेघ ओढत आमच्या वरच्या साहेबांच्या, सरिश्तेदारांच्या, मेजापर्यंत पोचली. सरिश्तेदार ओरडले, "ये क्या है, निरगुडेजी?" भाऊसाहेब उठले, दोन बोटांनी तिला उचललं आणि शांतपणे म्हणाले, "हुजूर, नई मुलाजिम है. कल से काम पर लगेगी."

ती कामाला लागलीही. पण शेजारच्या गुप्त्यांनी सल्ला दिला, की टाकीत तांब्याचा गडू बुडवून ठेवा, तांब्यानं पाणी शुद्ध होतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक तांब्याचं पाणी पितात, तेव्हा भाऊसाहेबांनाही ते पटलं. चार दिवसांत शेवाळ फिकटलं, आणि गोगलगायी एकजात मेल्या. भाऊसाहेब दोन दिवस सुतक असल्यासारखे वावरले. तिसऱ्या दिवशी हिरवं परत आलं. गुप्ते मासे खाणारे. ते मधूनमधून टाकीपाशी येऊन, माशांकडे फार प्रेमानं बघून विचारायचे, "कितपत वाढलेत, भाऊसाहेब?" तेव्हापासून शेवाळाच्या कारणांत गुप्त्यांची नजर हेही एक कारण धरलं जाऊ लागलं.

शेवटी उरलं खरवडणं. वस्तऱ्याचं जुनं पातं वेळूच्या काडीला बांधून भाऊसाहेब रोज सकाळी काच खरवडायचे. मग रबरी नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. ओढून तळातलं घाण पाणी बादलीत उतरवायचं. तीन दिवसांतून एकदा तरी ते तोंडात जायचंच. एकदा मी घाबरून विचारलं, "आता हो?" चूळ भरून ते म्हणाले, "आचमन समजायचं."

आता खरी गंमत पुढे आहे. शेवाळ का येतं हे या गृहस्थाला माझ्या मते सगळ्या ग्वाल्हेर संस्थानात सर्वांत चांगलं ठाऊक होतं. "सवाल अन्नाचा आहे, बापू," ते मला शिकवायचे. "माशांनी टाकलेलं अन्न पाण्यात कुजतं, त्यावर हिरवं पोसतं. बाकी उजेडबिजेड सगळं नंतर. चार मासे, चार चिमटी. पाचवी नाही!" आणि तरीही त्यांच्या टाकीचं पाणी दर तिसऱ्या दिवशी पालकाच्या भाजीसारखं. मला हे कोडं काही केल्या उलगडेना.

त्यातच रंगून जपान्यांच्या हाती पडल्याची बातमी आली आणि मधूची पत्रं थांबली. महिना गेला, दोन गेले, चार गेले. डाकवाला यायच्या वेळी भाऊसाहेबांना हमखास बोरू तासायचे असायचे, आणि तो पुढे निघून गेला की तासलेला बोरू ते पुन्हा तासत. माई रामाच्या देवळात जायच्या, पण गुडघ्यांनी तेही बंद झालं. नवसाचा विषय कुणी काढला, की भाऊसाहेब फटकारायचे, "नवस म्हणजे अर्ज. अर्जांचं पुढे काय होतं ते मी तीस वर्षं मुहाफिजखान्यात बघून राहिलोय."

पावसाळा सरता सरता भाऊसाहेबांना थंडीतापानं धरलं. मी बघायला गेलो तर चार दुलयांखालून आवाज आला, "बापू, आज पाणी तू काढ. आणि हे बघ, नळी तुंबली तर फुंकून टाक. आत बघत बसू नकोस."

नळी तुंबली. मी फुंकली, निघेना. मग काडीनं कोरलं तर फुगलेल्या कणकेचा एक गोळा बाहेर आला. त्याच्या पोटात कागदाची बारीक सुरळी. उलगडली. वर लिहिलं होतं, श्रीराम.

रामनाम लिहून, कणकेच्या गोळीत घालून माशांना घालायचं, ही आपली जुनी रीत. माझी आजी नदीवर जाऊन घालायची. मी वाळूत हात घातला, तर आणखी आठदहा निघाल्या. शाई पाण्यात फुटते म्हणून शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या. कागद आमच्याच कचेरीतल्या रद्दी नकलांच्या कोऱ्या कडा. माईंना अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक होतं. आणि तसा 'श्री' काढणारा माणूस आमच्या अख्ख्या लष्कर शहरात एकच होता.

मी ओल्या चिठ्ठ्या तळहातावर घेऊन तसाच खाटेपाशी गेलो. भाऊसाहेबांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. बोलल्या त्या माई, दारातून.

"हे लिहितात, मी वळते. मधू बर्मात गेल्यापासून रोज एकशेआठ. माझे गुडघे बिलकुल चालत नाहीत, नाहीतर तलावावरच गेले असते. मग म्हटलं, घरातच तर मासे आहेत, मधूचेच. यांना म्हटलं, तुमचं अक्षर इतकं सुरेख, देवाला वाचायला सोपं जाईल."

"अहो, पण भाऊसाहेब," मी म्हटलं, "चार मासे आणि एकशेआठ गोळ्या! रात्री तुम्हीच घालता आणि सकाळी तुम्हीच खरवडता?"

"मग काय करू?" दुलईतून आवाज आला. "तिला नाही म्हणू? आणि मधूला काय सांगू, पाणी हिरवं झालं म्हणून?" मग एक डोळा उघडून म्हणाले, "गुप्त्याला बोलशील तर याद राख."

त्या दिवशी त्यांना उठवत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिल्या. त्यांनी पडल्या पडल्या एकेक तपासली आणि 'र' वाकडा आला म्हणून सात परत लिहायला लावल्या.

मधूचं पत्र दिवाळीच्या सुमाराला आलं. तो जंगलातून चालत आसामात पोचला होता आणि तिथल्या लष्करी दवाखान्यात पडून होता. पायाला जखम होती, पण पाय होता, आणि महिन्याभरात तो घरी येणार होता. पत्र मीच वाचून दाखवलं. भाऊसाहेबांनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं आणि कचेरीत नेऊन त्याची एक नक्कल करून ठेवली. माईंनी मात्र आनंदानं मोजमाप सोडलं. एकशेआठच्या दोनशेसोळा झाल्या. भाऊसाहेब सकाळ-संध्याकाळ खरवडत होते, पण महिन्याभराच्या त्या आनंदापुढे वस्तऱ्याचं काही चालेना.

मधू आला तेव्हा मी बैठकीतच होतो. काठी टेकत, वाळून अर्धा झालेला. माईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाया पडणं झालं, रडणं झालं. मग तो हळूहळू खिडकीपाशी गेला. आतला एकही मासा दिसत नव्हता. त्यानं काचेवरून बोट फिरवलं, बघितलं, आणि थट्टेनं मान हलवत म्हणाला, "काय हे, भाऊ! एवढं बजावून गेलो होतो. खायला जास्त घालून राहिला होतात ना?"

माईंनी तोंडाला पदर लावला. मी भाऊसाहेबांकडे बघितलं. वाटलं, आता सवाल येणार. उजेड येणार, विहिरीचं पाणी येणार, निदान गुप्त्यांची नजर तरी येणारच. आयुष्यात कधी कुणापुढे चूक कबूल न केलेला माणूस तो.

भाऊसाहेब मुलाच्या त्या हिरव्या झालेल्या बोटाकडे बघत होते.

"हो रे," ते म्हणाले, "जरा जास्तच झालं."