भिंतीकडे तोंड

प्रबंध सोमवारी द्यायचा आणि त्यात श्रद्धावान माणूस एकही नाही, म्हणजे लग्नाला सगळे हजर आणि नवराच बेपत्ता. धर्म-अभ्यास विभागातली ती विद्यार्थिनी याच पेचात अडकली होती. सर म्हणाले होते, "सिद्धांत पोतंभर आहेत तुझ्याकडे. माणूस कुठाय? एकाची तरी मुलाखत आण, नाहीतर चार वर्षं पाण्यात."

माणसं तशी समोरच होती. लाँड्रीवरच्या खोलीत दर शनिवारी तिला धरून पाच जण भिंतीकडे तोंड करून तासभर गप्प बसत. एका म्हाताऱ्या शिंप्याने काढलेला हा पंथ. खोलीत बोलायचं नाही, कुणी कुणाची चौकशी करायची नाही. आपण अभ्यासक आहोत हे लपवून तीही दीड वर्ष त्यांच्यातलीच होऊन बसत होती. अभ्यासाची पद्धतच तशी.

आज मात्र तास संपल्यावर तिने नियम मोडला आणि जिन्यातच चष्मेवाल्या काकांना गाठलं.

"काका, तुम्ही इथे का येता?"

"तुला काय वाटतं, मी का येत असेन?"

ती मागच्या उंच ताईंकडे वळली. "ताई, बसल्यावर नेमकं काय होतं हो?"

"नेमकं म्हणजे तुला काय अभिप्रेत आहे?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. भाविक असं बोलत नाहीत. मुलाखत कशी घ्यावी याच्या पुस्तकात असं बोलायला शिकवतात, आणि ते पुस्तक तिने तीनदा वाचलं होतं. मग काय, पाच मिनिटांत सगळ्यांचं पितळ उघडं पडलं. काका मानसशास्त्राचे, ताई समाजशास्त्राच्या आणि त्यांच्यामागे उभा असलेला अबोल दाढीवाला मेंदूचा अभ्यासक.

"अहो, तुमच्यावर दोन निबंध छापलेत मी," काका ताईंना म्हणाले. "गाढ श्रद्धेचा नमुना म्हणून."

"मी तुमच्यावर तीन," ताई कसनुशा हसल्या.

राहता राहिला शिंपी. खोलीला कुलूप लावून तो जिना उतरत होता. तिने पेन सरसावलं.

"आजोबा, इतकी वर्षं श्रद्धा टिकवलीत कशी?"

"कसली टिकवतोय पोरी! दोन वर्षांमागेच उडाली होती. खोली सोडणार होतो. तेवढ्यात तुम्ही एकेक यायला लागलात. एवढी शिकलेली माणसं, ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, एक खाडा नाही. म्हटलं, मला दिसत नसलं तरी यांना तिथे काहीतरी दिसतंय. तुमच्याकडे बघून पुन्हा बसायला लागलो." मग अगदी भाबडेपणाने त्याने विचारलं, "काय दिसतं गं तुला?"

मागचे तिघे एकेक पायरी मागे सरकले. अख्खा प्रबंध तरून जाईल असं वाक्य तिच्या हातात होतं. पण ते छापायचं तर आपण कोण, हेही छापावं लागणार. तिला म्हाताऱ्याची फार माया वाटली.

"सांगता येत नाही, आजोबा," ती म्हणाली. "पण यावंसं वाटतं."

सोमवारी तिने सहा महिन्यांची मुदत मागितली. सर तडकले. "खरा माणूस मिळाला की नाही?"

"मिळाला, सर. पण लिहिलं तर तो उरणार नाही." आणि तिने सगळी हकीकत सांगितली.

सरांनी उठून दार लोटून घेतलं. मग घसा खाकरून, जरा ओशाळून म्हणाले, "किती वाजता बसतात म्हणालीस?"