बंधू हाल्वार यांणीं शब्द मागें घेतला त्याची हकीकत

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांसी नमन करोन, घडलें तें झांकूं नये इतकीच बुद्धी मागोन, लिहिणार आपलें नांव न सांगतां लिहितो. शके ११८०, काळयुक्त नाम संवत्सर, ख्रिस्ती सन बाराशें अठ्ठावन. उत्तरसमुद्राचे तीरीं एक राज्य होतें, जेथें सहा मास बर्फ आणि उरले सहा मास बर्फाची वाट पाहणें. तेथें खडकावरी एक मठ होता आणि मठांत बंधू हाल्वार नामें साधू होते. धर्मशास्त्रांत ऐसे निष्णात कीं दूरदूरचे पंडित पत्रें धाडोन शंका पुसत. मठाधिपती तोरगिल्स हे त्यांचे बाळपणींचे सोबती, एका घोंगडीखालीं दोघे शिकले. त्या सालीं हिंवाळा थोर पडला, आणि सिग्रीड म्हणोन कोळीण, दादला समुद्रावर असतां घरीं एकलीच बाळंत जाहली, आणि शुद्धीवर आली तों मूल गार. शास्त्र ऐसें कीं बाप्तिस्म्याविण मेलेलें मूल पवित्र भूमींत पुरूं नये, मठाचे भिंतीबाहेर पुरावें. आणि भिंतीबाहेर कोल्हे उकरीत. मग सिग्रीड मूल शालींत गुंडाळोन मठाचे दारीं आली आणि हाल्वारांस बोलली, "बाबा, मी शुद्धीवर असतें तर आपल्या हातें बाप्तिस्म्याचें पाणी शिंपिलें असतें. माझी शुद्ध गेली, हा गुन्हा लेकराचा कसा?"

तीस वर्षें सर्वांस उत्तरें देणारे हाल्वार ग्रंथ मिटोन उठले. मग त्यांणीं गोठल्या भूमीवर जाळ केला आणि पहार घेऊन आपण स्वतः खणिलें आणि मूल भिंतीचे आंत पुरिलें, आणि नंतर ग्रंथ लिहिला कीं आईची इच्छा हेंच पाणी, देव तेंच मोजतो. ही वार्ता गांवोगांव गेली आणि आणखी अकरा आया आपापलीं मेलेलीं मुलें घेऊन आल्या, तींही हाल्वारांनीं आंत पुरिलीं. तोरगिल्सांनीं ग्रंथ वाचिला आणि म्हणाले, "हाल्वार, हें खरें आहे. परंतु खरें आहे म्हणोन मोठ्यानें बोलूं नको."

इतक्यांत त्या प्रांताचे धर्माध्यक्ष वारले आणि ती गादी आपणांस मिळावी ऐसी तोरगिल्सांस आशा लागली; आणि वैरियांनीं राजधानीस लिहिलें कीं ह्यांचे मठांत पाखंड चालतें. मग धर्मसभा बैसली. तोरगिल्स हाल्वारांचे खोलींत आले आणि बोलले, "तूं हट्ट धरिलास तर मुलें उकरतील. शब्द मागें घे, मुलें आहेत तेथेंच राहतील. माझें वचन."

"क्रूसावर हात ठेव."

तोरगिल्सांनीं हात ठेविला. हाल्वारांनीं विचार केला कीं विद्या आपली आहे, मुलें लोकांचीं आहेत. आणि सभेपुढें गुडघे टेंकोन "मी चुकलों" ऐसें वदले आणि ग्रंथ आपल्या हातें शेगडींत घातला.

तिसरे दिवशीं हुकूम आला कीं ग्रंथकर्ताच स्वमुखें चूक म्हणतो, तर त्या चुकीनें पुरलेलीं मुलें आंत कैसीं राहतील? खालीं सही तोरगिल्सांची. कुदळी चालूं लागल्या आणि हाल्वार धांवत येऊन ओरडले, "मी खोटें बोललों! ती कबुली खोटी!" खणणारा म्हणाला, "बाबा, परवांचें खरें कीं आजचें? आम्हांस कागदावर असेल तेंच." सिग्रीडनें आपलें गांठोडें आपणच हातीं घेतलें आणि हाल्वारांकडे पाहोन म्हणाली, "तुम्हीं पुरलें नसतें तर मी एकदांच रडलें असतें."

तोरगिल्स धर्माध्यक्ष जाहले. हाल्वारांस लेखणी बंद जाहली आणि मुदपाकांत भांडीं घांसणें नेमून दिलें. नऊ वर्षें गेलीं, आणि राणीसाहेबांस मृत पुत्र जाहला. तेव्हां तोरगिल्सांनीं प्रवचन केलें कीं आईची इच्छा हेंच पाणी, कारण ग्रंथ जळण्यापूर्वीं त्यांणीं एक नक्कल करोन ठेविली होती. आणि राजपुत्रास वेदीजवळ समाधी दिली, आणि पंडितांनीं वाहवा करोन त्यास तोरगिल्समत ऐसें नांव दिलें. हाल्वार हें ऐकोन दोन दिवस पायीं चालोन गेले आणि बोलले, "तोरगिल्स, आतां शास्त्र ठरलें. बाराही मुलें आंत आणूं."

तोरगिल्स कागदावरोन नजर न काढितां म्हणाले, "राजाज्ञा एका मुलापुरती आहे."

"आणि तुझें वचन?"

"तें मठाधिपतीनें दिलें होतें. मी आतां मठाधिपती नाहीं."

मग हाल्वार परत आले आणि भिंतीबाहेर बारा जागांवर कोल्ह्यांस उकरतां येऊं नये म्हणोन धोंडे रचूं लागले, आणि आठ जागा झांकल्या तों छातींत कळ येऊन तेथेंच पडले. आपणांस तेथेंच पुरावें ऐसें त्यांणीं सांगोन ठेविलें होतें. परंतु धर्माध्यक्षांनीं स्नेह स्मरोन त्यांस भिंतीचे आंत पुरिलें आणि वर शिळा बैसविली कीं, येथें तो निजला आहे ज्यानें आपली चूक ओळखिली.

एवंच वर्तमान. शास्त्र तोरगिल्सांचे नांवें राहिलें, चूक हाल्वारांचे नांवें. मुलांस नांवेंच नव्हतीं.