जासईत अडकलेला पाळणा

"माझा मेंदू धारदार सुरीसारखा आहे. ज्या घरात लहान मुलं असतात, तिथे मी तो सोबत नेत नाही."

खासगी गुप्तहेर दिनानाथ मढवी अशी आपली ओळख करून देत. समोरचा माणूस त्यांच्याकडे नीट बघे आणि मेंदू आजही घरीच राहिलाय, हे त्याला पटे. मी प्राची, त्यांची सहायक. खांदा कॉलनीत आमचं ऑफिस होतं. २०११ सालापर्यंतची आमची सर्वांत मोठी केस म्हणजे एक हरवलेलं मांजर. ते आमच्याच टेबलाखाली व्यालेलं सापडलं.

त्या वर्षी बेलमारिया नावाच्या चिमुकल्या देशाचे उपवाणिज्यदूत ओरेलसाहेब आमच्याकडे आले. देश इतका गरीब, की साहेबांना मुंबईचं भाडं परवडेना म्हणून ते नवीन पनवेलात राहत. सरांचा धाकटा भाऊ प्रितेश बेलमारियातल्या भारतीय दूतावासात नोकरीला होता. त्यानेच सरांचं नाव सुचवलेलं. ओरेलसाहेब मराठी शिकून आले होते, पण पुस्तकातून.

"महोदय, माझा पाळणा जासई येथे अवरुद्ध आहे," ते म्हणाले. "माझी पत्नी लवकरच प्रसूत होईल. आमच्या घराण्यातलं प्रत्येक मूल त्याच पाळण्यात निजलं आहे. ती रोज रडते."

घरसामानाचा त्यांचा कंटेनर बंदराजवळच्या जासईत, कस्टमच्या गोदामात पडून होता. आम्ही तिथे जाऊन पाळणा डोळ्यांनी पाहिला. कस्टमचा अधिकारी म्हणाला, "दिल्लीहून सूट मिळत नाही तोवर पाळणा सुटणार नाही. पारस्परिकतेचा प्रश्न आहे."

बाहेर येताच सरांनी डोळे मिटले. "प्राची, सूट हरवलाय."

"सर, सूट म्हणजे करातली सवलत..."

"कोटाचा रंग विचारायला हवा होता."

दोन दिवस आम्ही पनवेलातले शिंपी तपासले. एकाने सरांचं माप घेतलं आणि पोटाशी येऊन टेप संपल्याचं जाहीर केलं. मग सरांनी दुसरा सिद्धान्त मांडला.

"अधिकारी काय म्हणाला? पारस्परिकता! म्हणजे पाळणा कुणीतरी परस्पर विकला."

"मग तो गोदामात दिसला कसा?"

"तो पाळण्याचा तोतया."

या सगळ्या काळात सरांच्या आई ठमाबाई दुपारी डबा घेऊन येत आणि दारातूनच म्हणत, "दिना, प्रितेसचा फोन आलता. त्याचं..."

"आई, केस चालू असताना घरगुती विषय नकोत!"

शेवटी ओरेलसाहेब घामाघूम होऊन आले. बायकोला दवाखान्यात दाखल केलं होतं. सर त्यांना समजावत होते, की पाळण्यात बहुधा एक हेर झोपलाय आणि म्हणूनच तो हलवत नाहीत. तेवढ्यात ठमाबाई आल्या. डबा त्यांनी सरांसमोर आपटला.

"आता आयकशील का नाय? तुजा भाव तिकडं उपाशी हाय. मी पेटीतून सुके बोंबील धाडले, तं तिकडच्या कस्टमनं धरून ठेवलेन. म्हणं वास मारतो, हा घरचा सामान नाय. प्रितेसचे सायबानं दिल्लीला कलवलं. दिल्लीवाले बोलले, आमचे मानसाचा सामान तुमी सोडत नाय, तं तुमचे मानसाचा आमी पन नाय सोडनार."

ऑफिसात शांतता पसरली. पंखासुद्धा थांबला, वीज गेली होती.

"हीच पारस्परिकता!" ओरेलसाहेब ओरडले. "मातोश्री, बोंबील म्हणजे काय?"

ठमाबाईंनी डबा उघडला. साहेब दोन पावलं मागे सरकले. आपल्या कस्टमवाल्यांचा त्यांना क्षणभर अभिमान वाटला असावा. पण त्यांनी तिथूनच आपल्या राजधानीत फोन लावला आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ भांडले. त्यात "बोंबील" हा शब्द इतक्यांदा आला, की सर म्हणाले, "हेराचं नाव कळलं. लिहून घे."

दुसऱ्याच दिवशी तिकडे बोंबील सुटले. मग दिल्लीहून सूट आली आणि जासईत पाळणा सुटला. पण मुलगी त्याआधीच जन्मली होती. ठमाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिला त्यात निजवलं. घराण्याचा नक्षीदार पाळणा आला, तेव्हा मुलीने त्यात पाठ टेकताच घर डोक्यावर घेतलं. झोळीत ठेवली, की गप्प.

"मातोश्री, हे वस्त्र मी परत कसे करू?" ओरेलसाहेबांनी विचारलं.

"लुगडं नको. तुजी आय तिकडं हाय ना? तिला सांग, माझे पोराला रविवारचा जेवाया बोलव."

पुढच्या रविवारी ऑफिसात प्रितेशचा फोन आला. ठमाबाई कानाला फोन लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणं जेवनात ना मीठ, ना मिरची. पन ताटात टाकला तं म्हातारी जोरान वरडते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "बरा हाय पोर."