अकरा बदकं आणि दहा हजार पावलं

सुतेजाच्या घराच्या आवारात त्या सकाळी चार माणसं, अकरा बदकं, दोन डुकरं आणि एक म्हातारा कुत्रा होता. चार बाजूंना चार ओसऱ्या, ईशान्येच्या कोपऱ्यात घरची देवळं, दक्षिणेला न पेटवलेली चूल आणि या सगळ्यांच्या मध्ये अंगण. अंगणाला कडेकडेने एक फेरी मारली की बासष्ट पावलं भरत. सुतेजाने हे तीनदा मोजून पाहिलं होतं. एकदा एकसष्ट भरली होती, पण त्या वेळी मध्ये बसलेल्या बदकावरून त्याला उडी मारावी लागली होती, म्हणून तो आकडा त्याने धरला नाही.

दहा हजार भागिले बासष्ट म्हणजे एकशे बासष्ट फेऱ्या. त्यातली एकही सुतेजाला मारायची नव्हती. निदान सकाळी सहानंतर तरी नव्हती, कारण सहा वाजता न्येपी सुरू झाला होता.

न्येपीच्या दिवशी अख्खं बाली बेट चूप बसतं. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानसुद्धा उतरत नाही. रस्त्यावर फक्त पहाऱ्याचे पेचालांग फिरतात, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड गुंडाळून. सगळे आपापल्या आवारात बसून राहतात आणि दुसऱ्या दिवशी सहाला दारं उघडतात. सुतेजाचा या दिवसाला विरोध नव्हता. हा दिवस नेमका त्याच्या तीनशे पासष्टाव्या दिवशी आला होता, एवढीच त्याची अडचण होती.

पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. मोजणं हे त्याचं पोटापाण्याचं काम आणि घरी आल्यावरचा छंदही. मागच्या वर्षी त्याने मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि वर्षभर रोज दहा हजार पावलं चालायचं ठरवलं. तापात चालला, सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात मांडवाभोवती चालला. रोजचा आकडा एका वहीतल्या चौकटीत उतरवला. आता तीनशे चौसष्ट चौकटी भरल्या होत्या आणि एक रिकामी होती. या वर्षात घरातल्या कुणीही काहीही मागितलं की त्याचं एकच उत्तर असे, "तीनशे पासष्ट होऊ देत, मग बघू." छपराचं गवत, आईचा चष्मा, बायकोला समुद्रावर नेणं, सगळं त्या एका चौकटीपाशी येऊन थांबलं होतं. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना त्याने वही दाखवायचं कबूल केलं होतं.

न्येपीचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. पहाटे तीनला उठायचं, सहाच्या आत दहा हजार उरकायची आणि मग दिवसभर शांत बसायचं, असा त्याचा बेत होता. पण आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे गावातल्या पोरांबरोबर त्याने बांबूचा अवाढव्य राक्षस खांद्यावर घेऊन मिरवला होता, आणि जाग आली तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"गजर झाला नाही?" त्याने बायकोला विचारलं. कुजबुजत विचारलं, कारण त्या दिवशी मोठ्याने बोलत नाहीत.

"झाला ना," सरियानी म्हणाली. "तुमच्या हातावर ते घड्याळ कधीचं थरथरत होतं. मी बंद केलं. म्हटलं, आजचा दिवस तरी शांततेत जाऊ दे."

सुतेजा बायकोकडे बघत राहिला. मग अंगणात उतरला आणि चालायला लागला.

अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने, आवाज न करता. सदुसष्ट फेऱ्या निर्विघ्न पार पडल्या. अडुसष्टाव्या फेरीला पूर्वेच्या ओसरीवर आजोबा उठून बसले होते.

"कुठं चाललायस?" आजोबांनी विचारलं.

"कुठंच नाही आजोबा. इथल्या इथं."

"मग कशाला चालतोयस?"

"दहा हजार पुरी करायचीत."

"म्हणजे काम आहे."

"काम कसलं? हौस आहे माझी."

"हौस म्हणजे करमणूक झाली."

सुतेजा जागच्या जागी थबकला. "तब्येतीसाठी चालतो असं समजा ना."

"तब्येत कुठं न्यायचीय?" आजोबांनी विचारलं. "न्यायची असेल तर तो प्रवास."

"बरं, मग नुसताच चालतोय. काही कारण नाही."

"नुसता चालणारा माणूस दर फेरीला मनगटाकडं बघत नाही," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चटईवर हात आपटला, म्हणजे इथे बस.

सुतेजा बसला. घड्याळात चार हजार एकशे ऐंशी झाली होती. सदुसष्ट फेऱ्यांची चार हजार एकशे चोपन्न आणि झोपण्याच्या ओसरीपासून अंगणापर्यंतची सव्वीस. हिशोब जुळत होता, पण पाच हजार आठशे वीस कमी पडत होती आणि आजोबा दुपारी झोपत नसत.

समोर अंगणात बदकं येरझारा घालत होती. रोज सकाळी ती ओळीने भातखाचरांत जात. आज दार बंद असल्यामुळे बेचैन होती. सगळ्यांच्या पुढे मानेवर पांढरा ठिपका असलेलं एक थोराड बदक होतं. ते वळलं की दहाही वळत.

सुतेजा बराच वेळ त्या बदकाकडे बघत राहिला. मग बसल्या बसल्या सरकत परसाच्या बाजूला गेला.

सरियानी आली तेव्हा बदक त्याच्या काखेत होतं आणि घड्याळाचा पट्टा बदकाच्या मानेभोवती शेवटच्या भोकात अडकवलेला होता.

"अहो, हे काय?"

"चाचणी घेतली मी," सुतेजा कुजबुजला. "शंभर पावलं टाकली तर त्र्याण्णव मोजतं. दर पावलाला मान हलवतं ना ते. सात टक्क्यांची तूट सहज चालेल."

"पण चालणार बदक."

"मी ठरवलं होतं की घड्याळात रोज दहा हजार दिसली पाहिजेत. कुणी चालायचं ते लिहिलेलं नाही. वहीचं पहिलं पान बघ हवं तर."

"म्हणजे आता बदकाचं वर्ष पुरं होणार," सरियानी म्हणाली, आणि तोंडावर हात धरून आत गेली. तिचे खांदे हलत होते.

बदक झकास चाललं. दोनशे छत्तीस भरेपर्यंत. मग ते डुकरांच्या गोठ्यामागच्या ओल्या चिखलात जाऊन बसलं आणि त्याच्याभोवती बाकीचीही बसली. सुतेजाने दुरून हातवारे केले, भाताचे दाणे टाकले, पण बदक डोळे मिटून राहिलं. अशी तासभर ती सभा चालली.

त्या घड्याळाला एक सवय होती. माणूस तासभर हलला नाही तर ते थरथरून आठवण करून देई. आपण गळ्यात आहोत की मनगटावर, हे त्याला कळण्याचं कारण नव्हतं. दहाला पाच मिनिटं कमी असताना ते थरथरलं.

बदक जे उसळलं ते थेट भिंतीच्या तळाशी असलेल्या सांडपाण्याच्या मोरीत घुसलं आणि पलीकडे रस्त्यावर निघालं. त्याच्या मागे दुसरं. त्याच्या मागे तिसरं. सुतेजाच्या हाती अकरावं लागलं, पण त्याचं फक्त शेपूट. तेही सुटलं.

भिंतीवर चढून त्याने पाहिलं. चिटपाखरू नसलेल्या त्या लांबलचक रस्त्यावरून अकरा बदकं एका ओळीत, रोजच्या शिस्तीने, खाचरांकडे निघाली होती. सगळ्या बेटावर त्या क्षणी प्रवास करणारी तेवढीच मंडळी असावीत.

"माझी बदकं कुठायत?" मागून आईचा आवाज आला. तीही कुजबुजत होती, पण आईची कुजबूज ओरडण्यापेक्षा वाईट असे.

"जरा बाहेर गेलीत."

"न्येपीला?"

बाहेर जाऊन बदकं आणणं म्हणजे आपणच नियम मोडणं. हाक मारणं त्याहून वाईट. आईने त्याच्याकडे पाहिलं, रिकाम्या चिखलाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसली. अकराच्या अकरा अंडी देणारी बदकं होती.

अर्ध्या तासाने दाराशी हलकी खडखड झाली. बाहेर पेचालांग दर्मादादा उभा होता, कमरेला चौकड्यांचं कापड, डाव्या काखेत ठिपकेवालं बदक आणि मागे ओळीने दहा.

"तुमची मंडळी गावच्या देवळापर्यंत पोचली होती," तो खालच्या आवाजात म्हणाला. "याला धरलं तशी बाकीची आपणहून मागं आली. आता हे सांग. याला वेळ कशाला बघावी लागते?"

त्याने दुसरा हात पुढे केला. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं.

सुतेजाने सगळं सांगितलं. तीनशे चौसष्ट दिवस, गजर, आजोबा, त्र्याण्णव टक्के, मोरी. दर्मादादा मान डोलावत ऐकत होता. मध्ये एकदा त्याने बदकाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग ते परत द्या ना दादा," सुतेजा म्हणाला. "त्यावर दिसतंय, अजून चार हजार आठशे पंचावन्न राहिलीत. आता दिलंत तर होतील."

"देणार नाही."

"का?"

"दिलं की तू चालणार. आणि तू नाही चाललास तर बदकं चालवणार, बदकं नाही चालली तर डुकरं. मी आज गल्लीगल्ली फिरून लोकांना घरात बसवतोय, आणि तुझ्या घरात जनावरंसुद्धा बसत नाहीत." त्याने बदक आत सोडलं. "उद्या सहाला आणून देतो. माझ्या हातात राहू दे, हरवायला नको."

दार बंद झालं. पावलांचा आवाज दूर गेला. सुतेजाचं मनगट उघडं होतं, त्यावर वर्षभराचा पांढरा पट्टा उमटला होता.

आधी त्याने तोंडाने मोजत चालायचा प्रयत्न केला. सहाशे चाळीसच्या आसपास आजोबांनी विचारलं, "किती झाली रे?" आणि तो उत्तर देताना आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं तर किती वाजले हेही कळेना. ऊन ओसरीच्या दुसऱ्या खांबाला टेकलं होतं, एवढंच कळत होतं. तो चटईवर येऊन पडला. वर्ष बुडालं होतं.

आईने काल शिजवलेला गार सुरण आणि केळीच्या पानातला भात पुढे ठेवला. "बदकं आली," ती म्हणाली. "आता जेव." त्याने खाल्लं. सुरणात खोबरं जरा जास्त झालं होतं आणि ते चांगलं लागत होतं. आजोबांनी त्यांच्या तरुणपणी सासऱ्याच्या म्हशीवरून पडल्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट सुतेजाने या वर्षात चार वेळा अर्धवट ऐकली होती, चालता चालता. शेवटी म्हैसही आजोबांवर पडते, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. तो इतका हसला की आईने खांद्यावरच्या कापडाने त्याचं तोंड दाबलं.

दुपार कलल्यावर सरियानी शेजारी येऊन आडवी झाली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ऐकू येतंय?"

"काय?"

"ऐका तर."

मोटारी नव्हत्या, रेडिओ नव्हता, कुणाचा हातोडा नव्हता. खूप लांबून, सारख्या अंतराने, काहीतरी घरंगळल्यासारखा आवाज येत होता. समुद्र. या घरात तीस वर्षं राहून त्याने तो इथून कधी ऐकला नव्हता.

"साडेतीन किलोमीटर असेल," सुतेजा कुजबुजला. "वारा आग्नेयेचा धरला तर आवाजाला इथं यायला साधारण—"

सरियानीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो मग ऐकतच राहिला. अंधार पडला, कुणी दिवा लावला नाही, आणि तो केव्हा झोपला हेही कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला दर्मादादा आला. डोळे तांबारलेले, पाय सुजलेले. त्याने घड्याळ काढून दिलं.

"हे तुझं घे बाबा. काल दुपारी दोनला मी वेशीपाशी उभा असताना हे थरथरलं, दहा हजारांचा आकडा आला आणि काचेवर फटाके उडाले. न्येपीला फटाके. मी हात पोटाशी धरून देवळामागं लपलो."

"बदकाच्या गळ्यातून काढलंत तेव्हा आकडा किती होता, बघितला होता?"

"पाच हजार बारा. तूच बोंब मारशील म्हणून बघून ठेवला."

सुतेजाने कालचा आकडा उघडला. चोवीस हजार साठ. वर्षभरातला सगळ्यात मोठा. दर्मादादा खुशीत म्हणाला, "झालं ना मग तुझं? लिही की."

सरियानी वही घेऊन आली. सुतेजाने शेवटच्या चौकटीचं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. चौकट लहान होती, त्यामुळे अक्षर बारीक काढावं लागलं.

"दिवस ३६५. स्वतः: ४,१८०. बदक: ८३२. दर्मादादा: १९,०४८. स्वतः, सकाळी दहानंतर: मोजलं नाही."