रावजीने नाव घेतले

साखरप्याच्या धर्मशाळेपाशी रावजीने मागे वळून पाहिले आणि तो जागच्या जागी थिजला. पालीहून पहाटे निघाल्यापासून तो पुढे आणि बायको मागे, अशी दोघे कोल्हापूरच्या अंबाबाईला चालत निघाली होती. आता मागे उभी होती एक अनोळखी म्हातारी.

“आये, तू कोण?”

“मी गोदा. नाणिजच्या विहिरीशी तू म्हणालास, ‘चल गो,’ म्हणून चालले. एकट्या बाईला सोबत बरी.”

नाणिजपासून रावजीने सासूचा उद्धार केला होता, मेहुण्याची लायकी काढली होती आणि मागून येणाऱ्या ‘हूं’वर तो बेहद्द खूश होता. बायकोने आजवर इतके निमूटपणे कधी ऐकून घेतले नव्हते. खरे तर तिथेच त्याला संशय यायला हवा होता.

“तुज्या सासूला मी वळखत नाय,” गोदा म्हणाली, “पण येवढी वायट नसंल ती.”

वाटेत वळून वळून बायकोकडे पाहणाऱ्याला गावात बायल्या म्हणत, म्हणून या मर्दाने मान वळवली नव्हती. तो विषमज्वरातून उठला तर जोडीने चालत येऊन ओटी भरीन, असा नवस बायकोनेच बोलला होता. आता ओटी राहिली बाजूला, बायकोच हरवली होती.

धर्मशाळेचा रखवालदार केरू चौकशी करू लागला. “लुगडं कसलं हाय?”

“हिरवं. आसंल.”

पडवीत हिरव्या लुगड्यांची पाठमोरी रांगच बसली होती. पण आजवर पाठ तिने त्याची पाहिली होती, त्याने तिची कधीच नाही.

“नाव सांगा, हाक मारतो.”

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव रावजीने उच्चारले नव्हते. “रघूची आवस म्हणा.”

केरूच्या हाकेला रघूच्या दोन आया उठल्या. दोन्ही परक्या.

“घाटाकडं गेली आसंल तर कठीण हाय,” केरू म्हणाला. “तिन्हीसांजेला वाघरू उतरतं तिथं.”

“चिमा!” रावजी ओरडला. मग पुन्हा ओरडला. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज चिरकला आणि डोळ्यांत पाणी आले. चारचौघांत बायकोचे नाव घेणारा नवरा तिथे कुणी पाहिलाच नव्हता.

अगदी पुढ्यातली एक पाठ वळली.

“हितंच हाय मी,” चिमा म्हणाली. “नाणिजला मी पाणी पितेय तर तुमी चालते झालात. मग या बायकांबरोबर जवळच्या पायवाटेनं आले.”

“मग ओ का दिली नायस?”

“रघूची आवस मी रोजचीच हाय. पण तुमचा आवाज नि माजं नाव! अंगावर काटाच आला. म्हटलं, परत आयकायला मिळंल न मिळंल. अजून एकदा हाक मारा, मग भाकरी वाढते.”

रावजीने केरूकडे पाहिले, गोदाकडे पाहिले आणि ओठांतल्या ओठांत नाव घेतले.

“आयकू नाय आलं,” चिमा म्हणाली.