वानखडे आणि राउटरचं घड्याळ

राउटरचं घड्याळ चुकलं तर माणूस ते दुरुस्त करतो. वानखडे त्याच्याशी भांडायचे.

"काहून जी? बसला नारायण पेठेत, वीज खाते या भाऊच्या घरची, अन् टाइम सांगते परदेशातला? लाज नाई वाटत?" प्रश्न राउटरला असायचा, उत्तर मात्र मी द्यायचं!

वानखडे यवतमाळचे, हिंजवडीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापायी दोघांनाही कायमची रात्रपाळी. नेटवर्किंगची परीक्षा जो पास होईल त्याला दिवसपाळी, असं कंपनीनं जाहीर केलं आणि दर रविवारी हे गृहस्थ जुने राउटर पिशवीत घालून सरावाला माझ्या घरी येऊ लागले. माझ्या सुट्टीचं वाटोळं झालं ते तेव्हापासून.

राउटर मुळात ग्रीनिचची वेळ धरतो; आपली वेळ साडेपाच तास पुढे, हे त्याला शिकवताना तास आणि मिनिटं वेगळी लिहावी लागतात. वानखड्यांनी नुसतं पाच लिहिलं, तीस विसरले. घड्याळ अर्धा तास मागे. चूक यांची, आणि संताप कुणावर?

"पाहा! गोऱ्याईनं आपला अर्धा तास खाल्ला!"

बरं, सरावाच्या प्रश्नात ऑफिस न्यूयॉर्कचं असलं तरी हे वेळ लावणार भारताचीच.

"अहो, गुण जातील," मी ओरडायचो.

"जाऊ द्या. काम करनारा मानूस कुठी बसला हाये? त्याच्या जेवनाची वेळ कोन पाहीन?"

"मग राउटरला ताट वाढू का?"

"थे नाई जेवत. आपन जेवतो," असं म्हणून ते आमच्याच पोह्यांची दुसरी बशी ओढायचे. अशा माणसाला काय करावं, सांगा!

परीक्षेतून दोघंही पास होऊन बाहेर आलो. वानखडे म्हणाले, "न्यूयॉर्कचा प्रश्न आला होता जी."

"आणि भारताची लावलीत?"

"नाई. त्याईचीच लावली. चूपचाप."

माझं डोकंच फिरलं. "मग इतके रविवार माझा जीव का घेतलात?"

ते चपलेकडे बघत राहिले. "तुमच्या घरी भांडलं तर चालते. इथं कसा भांडू? बायको तिकडं यवतमाळले आहे. अनोळखी गावात राती एकटीले तिले भेव वाटते. म्हने, तुमाले दिवसपाळी भेटली का येईन."

मी स्कूटरची मागची सीट रुमालानं पुसली.

"भाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "दोघाईपुरता कुकर केवढा घ्या लागते?"

"चला," मी म्हटलं, "तुळशीबागेत बघू."